जन्नतच्या गादीचं अस्तर

गादीवाली आपा भांडखोर आहे, असं गल्लीत सर्रास बोललं जाई. आपाला ते मान्य नव्हतं. तिच्या मते भांडणं उकरून काढणारे लोक वेगळेच असत. आपण फक्त ती अर्ध्यावर सोडत नाही, एवढाच आपला दोष.

तिचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. बाहेर पाय वर करून ठेवलेल्या खुर्च्या, आत फोमचे तक्ते, काथ्याची पोती, स्प्रिंगांची टोपली आणि सगळ्यावर चिकटवायच्या गोंदाचा वास. नवरा गेला तेव्हा लोकांनी दुकान विकत घ्यायला रांग लावली. आपानं नवऱ्याची हातोडी उचलली आणि शटर वर केलं. काम करताना ती बारीक खिळे तोंडात धरी आणि जिभेनं एकेक पुढे सारत लाकडात ठोकी. त्यामुळे दिवसातला बराच वेळ तिला बोलता येत नसे, आणि हे गिऱ्हाइकांच्या पथ्यावरच पडे. तिनं तोंडातले खिळे तळहातावर काढले, की समोरच्यानं ओळखावं, आता आपली धडगत नाही.

शेजारी शिलाई मशीनवर तिची धाकटी बहीण बसे. तिला सगळे धाकटीच म्हणत, केस पिकले तरी. तिनं लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर आपाकडे बोट दाखवून म्हणे, "घरात एक हातोडी आहे, पुरे." खोळी, झालरी, अस्तरं हे तिचं काम. आपा जितकी तडक, तितकी धाकटी मिश्कील, आणि खाण्याची भारी शौकीन. मशीनवर बसून डाळिंब सोलायची तिला खोड होती. एकदा एका नव्या नवरीच्या पांढऱ्याशुभ्र खोळीवर लाल रस उडाला. आपानं दुकान डोक्यावर घेतलं. धाकटीनं मात्र शांतपणे त्या डागावर लाल दोऱ्यानं एक बुट्टी भरली, आणि गिऱ्हाईक इतकं खूश झालं की चारी कोपऱ्यांत तशाच बुट्ट्या मागून गेलं.

मग धाकटीचा घास अडकू लागला. आधी भाकरीचा, मग भाताचा, मग पाण्याचासुद्धा. अन्ननलिकेत गाठ होती. ऑपरेशन झालं, पोटाला नळी लागली, आणि तोंडावाटे काही म्हणजे काही द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. डॉक्टर गोल गोल बोलत होते. आपानं त्यांना बाजूला घेऊन खरं काय ते काढून घेतलं आणि बाहेर येऊन जसंच्या तसं धाकटीला सांगितलं. बरं होण्यातलं नाही, काही महिने आहेत. धाकटी म्हणाली, "बरं झालं तू सांगितलंस. त्या डॉक्टरांचं ऐकून मला वाटलं, माझं लग्नच ठरवतायत."

त्यानंतर ती मशीनवर तशीच बसे, पण शेजारी ओल्या कापसाची वाटी असे. कापूस ओठांत धरायचा, जीभ ओली करायची आणि थुंकून टाकायचा. कुणी समोर पाणी प्यालं की ती त्याच्या गळ्याकडे बघत राही. आपानं दुकानात पाणी प्यायचं सोडलं. मागच्या अंगणात जाऊन, नळाखाली तोंड धरून ती चोरासारखी पिई.

या दोघींचे अब्बा मशिदीत मुलांना शिकवायचे, आणि घरी मुलींना. आपा त्यांची हुशार शिष्या. अब्बांनंतर ती दर गुरुवारी दुपारी मशिदीच्या माडीवर बायकांचा दरस घेऊ लागली. दरस म्हणजे किताबातल्या, कुराणातल्या आयतींचा पाठ आणि त्यांचा अर्थ. माडीवर एक लांबट खोली होती, बायकांच्या नमाजाची. एका बाजूला खालच्या दालनावर उघडणारी लाकडी जाळी, तिला झडपा, आणि झडपांवर जाड पडदा. झडपा इतकी वर्षं बंद होत्या की त्यांच्या कड्यांवर कुणीतरी पिशव्या अडकवून ठेवी.

आपाच्या दरसाची एक पद्धत होती. पाळी बसल्या जागेप्रमाणे फिरे. जिची पाळी, तिनं आयतीचा एक तुकडा म्हणायचा, बाकी सगळ्यांनी तो तिच्यामागून म्हणायचा. मग तिनं अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा. आपल्या शब्दांत म्हणजे खरोखर आपल्या. कुणी पाठ केलेलं भाषण सुरू केलं की आपा म्हणे, "हे कुणाचं तोंड लावून आलीस? तुझं कुठं ठेवलंस?" पाळी चुकवायची नाही हा नियम पक्का होता. धाकटीची जागा अगदी शेवटची, जाळीजवळ. जिना चढणं तिला झेपत नसे. आपानं एका खुर्चीला मऊ पाठ आणि धरायला दोन दांडे ठोकले होते, आणि दर गुरुवारी चौघीजणी धाकटीला पालखीतल्या नवरीसारखी वर आणत. आठवड्यातलं तिचं तेवढंच बाहेर पडणं.

जन्नतच्या आयती आल्या की आपा आजवर एकच सांगत आली होती, जे अब्बांनी तिला सांगितलं होतं. फळं म्हणजे फळं नव्हेत, पेला म्हणजे पेला नव्हे. ही सगळी रूपकं आहेत, आत्म्याच्या सुखाची. आपाला त्याचा थोडा अभिमानही होता. आपण काही खाण्यापिण्यावर भाळणारे सामान्य लोक नाही, असं त्यात एक सुख असतं.

त्या वर्षी एक पाहुणे वक्ते आले. शुक्रवारी खालच्या दालनात त्यांनी जन्नतमधल्या हुरांचं, तिथल्या अप्सरांचं, असं काही वर्णन केलं, की पेंगणारे पुरुषही ताठ बसले. त्यांचा रंग, त्यांचे डोळे, त्यांची संख्या. वर बायका भिंतीवरच्या स्पीकरमधून सगळं ऐकत होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी माडीवर गर्दी झाली. मागच्या भिंतीशी, पाळीच्या पहिल्या जागी बसणाऱ्या बहिऱ्या नानीला ऐकू यावं म्हणून वायरमननं नुकताच एक छोटा माइक बसवून दिला होता, तो आपानं मध्ये ठेवला. पाळी फिरत जन्नतच्या आयतींपर्यंत आली, आणि एका नव्या सुनेनं मान खाली घालून विचारलं, "आपा, पुरुषांना हुरा. मग आम्हाला काय?"

आपाला अब्बांचं ठरलेलं उत्तर तोंडपाठ होतं. पण त्या पाहुण्यांची हिशेबी मोजदाद तिच्या कानात अजून वळवळत होती.

"जीव मागेल ते मिळेल, असं तिथं लिहिलंय," ती म्हणाली. "पुरुषाचा जीव आणि बाईचा जीव असे दोन काटे लावलेले नाहीत. आणि पाण्याच्या, सावलीच्या, फळांच्या आयती हुरांपेक्षा किती तरी जास्त आहेत. पाहुण्यांना त्या पाठ नसतील, त्याला किताब काय करणार? बोला, तुमचा जीव काय मागतो?"

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग बहिरी नानी म्हणाली, "मला एक कोच हवा. पाठ टेकली की कुणी 'जरा ऊठ गं' म्हणायचं नाही." सगळ्या हसल्या, आणि बांध फुटला. एकीला वाहत्या पाण्यात पाय सोडून बसायचं होतं. एकीला मऊ रेशमी झगा हवा होता, "पण धुवायला दुसऱ्या कुणीतरी न्यायचा." नव्या सुनेला नवरा हवा होता आणि सासू नको होती. तिची सासू पुढच्याच रांगेत होती, ती म्हणाली, "मला तरी तू कुठं हवीयेस?" हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी वखारवाली भाभी बोलली. तिचा नवरा लाकडाच्या वखारीचा मालक आणि मशिदीच्या कमिटीचा अध्यक्ष. भाभी सहसा तोंड उघडत नसे. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला माझाच नवरा हवा. फक्त त्यानं एकदा माझ्याकडे तसं बघावं, जसा तो गेल्या शुक्रवारी हुरांचं वर्णन ऐकताना बघत असेल."

या वेळी कुणी हसलं नाही.

जाळीजवळून धाकटीचा घोगरा आवाज आला. "आपा, खरं सांग. तिथं मला गिळता येईल?"

आपानं तिच्याकडे पाहिलं. गळ्याची हाडं वर आलेली, हातात कापसाची वाटी, आणि डोळे आपल्या तोंडाकडे लागलेले. आत्म्याचं सुख, रूपक, हे शब्द आपाच्या घशाशी आले आणि तिथंच राहिले. या पोरीसमोर ते बोलायला तिची जीभ वळेना.

"येईल," ती म्हणाली. "गिळशील. डाळिंब सोलशील, रस कोपरापर्यंत ओघळेल, आणि मी तुला ओरडणार नाही."

मग ती सगळ्यांकडे वळली. तिचा आवाज चढला होता. "आपण गादीवाले लोक, म्हणून सांगते. तिथल्या बिछान्यांबद्दल काय सांगितलंय, आठवा. त्यांचं अस्तर जरीच्या रेशमाचं आहे. अस्तर! वरच्या कापडाबद्दल एक अक्षर नाही. जुन्या जाणत्या आलिमांनीच लिहून ठेवलंय, की अस्तर असं, तर वरचं कापड कसं असेल ते माणसाला सांगून कळायचं नाही. अब्बांनी मला हे शिकवलं होतं, मी नुसतं घोकलं. आता काही लोक अस्तरालाच कापड समजून त्याचे वार मोजत बसतात. आणि माझ्यासारखे शहाणे म्हणतात, अस्तरबिस्तर काही नाही, ती फक्त बोलायची रीत. कसं नाही? अस्तर नसलं तर भरण कशात राहील? ज्याचा घसा कोरडा पडला होता त्याच्यापुढे अल्लानं पेला धरला. जो दगडावर निजत होता त्याला गादी दाखवली. तहानलेल्याला जो पाणी दाखवतो, तो त्याची चेष्टा करत नसतो."

धाकटीनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर समाधान असं नव्हतं, पण मशीनचा अडकलेला दोरा सुटल्यावर ती जशी दिसे तशी ती दिसली.

"चल, तुझी पाळी," आपा म्हणाली.

पण पाळी राहून गेली. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली, आणि दाराबाहेरून वखारवाल्यांचा आवाज गरजला, "बंद करा! सगळं खाली ऐकू येतंय!"

झालं होतं असं, की वायरमननं नव्या माइकची वायर खालच्या दालनातल्या लाउडस्पीकरच्या मशीनला जोडून ठेवली होती. खाली गच्चीच्या गळतीवर कमिटीची बैठक भरली होती. नानीचा कोच, नव्या सुनेची सासू, सगळं दालनाच्या चारी कोपऱ्यांत खणखणीत घुमलं होतं.

वर बायकांचे चेहरे पांढरेफटक पडले. आपा दारापाशी गेली आणि पडद्याआडून विचारलं, "कधीपासून ऐकू येतंय?"

"पहिल्यापासून!"

"मग एवढा वेळ बसून ऐकलंत? बटण बंद करायला कुणाचे हात बांधले होते?"

जिन्यावरची पावलं खाली गेली.

दोन दिवसांनी वखारवाले आणि इमामसाहेब दुकानात आले. इमामसाहेब अब्बांचे शिष्य, आवाज गोड, मन चांगलं, कणा जरा मऊ. आपा एका आरामखुर्चीची बैठक ठोकत होती, तोंडात खिळे होते. धाकटी मशीनवर होती.

वखारवाल्यांनी सुरुवात केली. मशिदीची अब्रू गेली. अल्लाच्या कलामाचा बाजार मांडला. आणि ती कोण निर्लज्ज बाई, जिनं नवऱ्याबद्दल तसं बोलावं? तिचं नाव कळलंच पाहिजे, तिच्या नवऱ्याला समज दिली पाहिजे.

आपाची हातोडी हवेतच थांबली. तिनं वखारवाल्यांकडे निरखून पाहिलं. माणूस थट्टा करत नव्हता. त्यानं आवाज ओळखलाच नव्हता.

"नाव राहू द्या, अध्यक्षसाहेब," इमामसाहेब घाईनं म्हणाले. "आपा, मोठं काही नाही. शुक्रवारी नमाज झाल्यावर वरून माइकवर दोन वाक्यं म्हणा. जे झालं ते चुकलं, आणि त्या आयती निव्वळ रूपक आहेत, त्यांचा शरीराशी संबंध नाही. एवढंच. नाहीतर कमिटी दरस बंद करणार आहे. खोलीत जुन्या चटया ठेवायच्या म्हणतात."

आपानं खिळे तळहातावर काढले. इमामसाहेब नकळत एक पाऊल मागे सरले.

"पाहुण्यांनी खालून आमच्या कानांत हुरा ओतल्या, तेव्हा वायर चुकली नव्हती वाटतं?"

"तो विषय वेगळा," वखारवाले म्हणाले.

"कसा वेगळा? पुरुषानं मोजलं की ते वाझ, धर्माचं प्रवचन, आणि बाईनं पाणी मागितलं की बाजार?"

इमामसाहेब हळूच म्हणाले, "आपा, रूपक म्हणणारे मोठे मोठे आलिम होऊन गेले. तुमच्या अब्बांचं मतही तेच होतं. तुम्ही स्वतः इतकी वर्षं तेच शिकवलंत."

हे आपाच्या वर्मी लागलं, कारण ते खरं होतं.

"ते मत खोटं आहे असं मी म्हणतच नाही," ती म्हणाली. "उद्या कुणी माझ्यापुढे बसून ते मांडलं तर मी ऐकून घेईन, वाद घालीन. पण तुम्ही मला मत मांडायला कुठं सांगताय? तुम्ही मला तोंड मिटायला सांगताय, आणि वर त्याला अब्बांचं नाव देताय."

"शुक्रवारी," वखारवाले म्हणाले, आणि निघाले. इमामसाहेब जाता जाता धाकटीच्या वाटीकडे बघून थबकले, आणि मग गेले.

त्याच संध्याकाळी वखारवाली भाभी एक उसवलेली उशी घेऊन आली. उशी मुद्दाम उसवलेली होती, हे धाकटीनं टाके बघताच ओळखलं. भाभी स्टुलावर बसली आणि म्हणाली, "घरी आल्यापासून हे त्या बाईच्या नावानं बोटं मोडतायत. मी समोर बसून ऐकतेय. एवढा संसार केला, आणि माझा आवाज यांना ओळखू आला नाही." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं ती उसवलेली उशी तोंडावर दाबून धरली. धाकटीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आपा खिळे मोजल्यासारखं करत बसली, कारण तिला असल्या वेळी काय करावं ते कधीच कळलं नाही.

गुरुवारी दरस झालाच नाही, माडीला कुलूप होतं. आपा दिवसभर चिडचिडी होती. दोनदा खिळा वाकडा गेला.

"म्हणून टाकू का गं?" शेवटी तिनं विचारलं. "दोन वाक्यं. दरस तरी वाचेल. तुझं बाहेर पडणं वाचेल."

धाकटीनं मशीन थांबवली. "तुझी मर्जी. पण मीही तिथं असेन, हे लक्षात ठेव."

"तुला माहीतच असेल की मी ते वरवर म्हणतेय."

"नाही ना. तिथंच तर घोळ आहे." धाकटीनं कापूस थुंकला आणि तोंड पुसलं. "सगळे माझ्याशी गोड बोलतात, आपा. येणारा जाणारा म्हणतो, बरी होशील. एक तूच मला खरं सांगितलंस. तेव्हापासून तू बोलतेस ते मी वजन न करता घेते. तू म्हणालीस, तिथं गिळशील. मी घेतलं. आता उद्या तू म्हणालीस की ते नुसतं बोलणं आहे, तर तेही मी खरंच मानणार. मग नंतर तू हजारदा सांग, मला ते चिकटायचं नाही."

"तुला दरस हवा की नको?"

"मला डाळिंब हवं," धाकटी म्हणाली, आणि मशीन सुरू केली.

शुक्रवारी माडी उघडली. कधी न येणाऱ्या बायकाही आल्या. चौघींनी धाकटीची खुर्ची जिन्यावरून वर आणली. अर्ध्या वळणावर एकीला दम लागला, तेव्हा वखारवाली भाभी पुढे झाली आणि तिनं दांडा खांद्यावर घेतला. नमाज झाली. खालून इमामसाहेबांचा आवाज स्पीकरमध्ये आला, "आपा दोन शब्द बोलतील. सर्वांनी बसून घ्यावं."

माइक आपाच्या हातात आला. घसा इतका कोरडा पडला की तिला वाटलं, एक घोट पाणी मिळालं तर बरं. मग तिला तिचीच लाज वाटली आणि तिनं बोलायला सुरुवात केली.

"अस्सलाम अलैकुम. मागल्या आठवड्यात गुरुवारी माइकची वायर चुकीची लागली, ती चूक वायरमनची. ती त्यानं दुरुस्त केली, आणि आज तुम्हीच ती पुन्हा जोडून घेतलीत. दुसरी कुठली चूक झाली असेल तर मला ती सापडली नाही, आणि मी आठवडाभर शोधली."

खाली कुणीतरी खोकलं.

"मला सांगायला सांगितलंय, की त्या आयतींचा शरीराशी संबंध नाही. माझी बहीण इथं माझ्याशेजारी बसलीय. तुम्ही सगळे तिला ओळखता, तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरच्या खोळी तिनं शिवल्यात. कित्येक महिन्यांत तिच्या घशातून पाण्याचा थेंब उतरलेला नाही. उपास सोडताना तुम्हाला पहिला घोट कसा लागतो, आठवा. तिला तेवढाही नाही. मी तिला सांगितलंय, की तिथं ती पिईल. वरचं कापड कसं आहे, ते मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. पण अस्तर अल्लानं आपल्या हातात दिलंय, ते मी कुणाला फाडू देणार नाही. ज्याला वाटतं मी खोटं बोलले, त्यानं वर यावं. जिना मोकळा आहे, आम्ही पडदा घेऊन बसू. त्यानं माझ्या बहिणीसमोर उभं राहून तिला सांगावं, की बाई, ते पाणी नुसतं बोलण्यापुरतं आहे. मी थांबते."

ती थांबली.

जिना मोकळाच राहिला. खालच्या दालनातल्या पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग वखारवाल्यांचा आवाज आला, "पुरे झालं! बंद करा तो माइक!" एक खट्ट आवाज झाला आणि आपाच्या हातातला माइक मेला. तिनं त्यावर टिचकी मारून पाहिली. काही नाही.

वखारवाली भाभी उठली. तिनं कड्यांवरच्या पिशव्या काढून खाली ठेवल्या, पडदा एका बाजूला ओढला आणि झडपेची कडी धरली. कडी गंजली होती, हलेना. नवी सून आणि तिची सासू दोघी पुढे धावल्या. तिघींनी मिळून खांदा लावला, आणि झडपा धूळ उडवत सताड उघडल्या. खालून सगळ्या माना वर झाल्या. भाभी जाळीला तोंड लावून म्हणाली, "बटण दाबलंत, ठीक आहे. आता कान दाबून घ्या!"

हा आवाज वखारवाल्यांनी ओळखला. ते जागच्या जागी खाली बसले.

आपा धाकटीकडे वळली. स्वतःचे भरून आलेले डोळे लपवायचीही तिला गरज वाटली नाही. "गेल्या वेळची तुझी पाळी राहिलीय," ती म्हणाली. "आपल्याकडे पाळी चुकवत नाहीत."

धाकटीनं वाटी बाजूला ठेवली. तिचा आवाज आता इतका क्षीण झाला होता, की मागच्या रांगेलाही जेमतेम पोचे. तिनं आयतीचा पहिला तुकडा म्हटला. आणि दरसाच्या रीतीप्रमाणे माडीवरच्या सगळ्या बायकांनी तो तिच्यामागून म्हटला, जाळीतून खाली. तिनं दुसरा तुकडा म्हटला. तोही खाली गेला. बहिरी नानी सगळ्यांच्या अर्धा शब्द मागे होती आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती.

मग अर्थाची वेळ आली, आपल्या शब्दांतल्या. धाकटीनं श्वास घेतला.

"त्यांचा रब त्यांना पाजील," ती म्हणाली. "स्वतः पाजील. पेला दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही."

अर्थ कुणी मागून म्हणायचा नसतो, तशी रीतच नव्हती. पण नव्या सुनेनं म्हटलं, आणि मग सगळ्यांनीच म्हटलं: स्वतः पाजील, पेला दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही.

खाली दालन गच्च भरलं होतं आणि कुणी हलत नव्हतं. आपा जाळीशी उभी राहून वाट बघत होती. कुणी काही बोललंच, तर तिचं उत्तर तयार होतं. आणखी दहा उत्तरं तयार होती.

पुढच्या रांगेतून इमामसाहेब उठले. त्यांच्या समोर माइक होता, तो त्यांनी घेतला नाही. मान वर करून, जाळीकडे न बघता, अब्बा वर्गात पाळी पुढे सरकवायला विचारत तसं त्यांनी विचारलं, "पुढची आयत कुणाकडे आहे?"

आपाची तयार ठेवलेली सगळी उत्तरं वाया गेली. तिनं धाकटीकडे पाहिलं. नियमानं पाळी आता पहिल्या जागेवर जायला हवी होती. पहिल्या जागेवरच्या नानीनं हातानंच खूण केली, तूच म्हण.

धाकटीनं आयत म्हटली. बायकांनी म्हटली. मग ती खुर्चीच्या मऊ पाठीला टेकली, ओठांवरून एकदा जीभ फिरवली आणि अर्थ सांगितला.

"हे तुमचं आहे," ती म्हणाली. "तुम्ही राबलात, ते पाहिलं गेलंय."